इटलीतल्या पिस्तोया शहराच्या कॅथेड्रलमधली चांदीची वेदी पाहायला फ्लॉरेन्सहून मुद्दाम जावं का?

हो, नक्की जा. रेल्वेने साधारण पाऊण-एक तासाचा प्रवास आहे.

सान झेनो कॅथेड्रलमधली ही वेदी येशूचे शिष्य संत याकोब यांची. बाराव्या शतकात स्पेनमधल्या सांतियागोहून त्यांचा पवित्र अवशेष इथे आणला गेला आणि त्यासाठी कॅथेड्रलमध्येच खास चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनागृह, बांधलं. वेदीचं काम 1287 मध्ये सुरू झालं आणि 1456 पर्यंत चाललं. म्हणजे सोनारांच्या कितीतरी पिढ्यांचा हात त्यावर फिरला आहे. चांदीचे पत्रे ठोकून उठाव दिलेला, जागोजागी सोन्याचा मुलामा आणि मीनाकाम. वजन जवळपास एक टन, आकृत्या सहाशेहून अधिक!

घाईघाईत मध्यभागाचा फोटो काढून निघू नका. डाव्या बाजूला संत याकोबाच्या जीवनातले प्रसंग आहेत, ते एकेक करून बघा. आणि बायबलमधल्या संदेष्ट्यांच्या अर्धाकृती मूर्ती शोधा. त्यातल्या दोन ब्रुनेलेस्कीने तरुणपणी केल्या असं मानतात. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा प्रचंड घुमट उभारणारा हाच माणूस सोनारकामात तयार झाला होता. माझ्या मते, तेवढ्यासाठीसुद्धा ही फेरी करावी.

इथल्या खजिन्याची चोरीही प्रसिद्ध आहे. तो चोर, वान्नी फुच्ची, इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यातल्या नरकात सापांच्या विळख्यात दाखवला आहे.

मूळ चॅपेल अठराव्या शतकात पाडलं गेलं. वेदी आता त्याच कॅथेड्रलमधल्या दुसऱ्या चॅपेलमध्ये आहे. ती पाहायला वेगळं तिकीट लागू शकतं, तेव्हा आत शिरताच चौकशी करा.