ईजीआर ब्लॉक करायचा की धुवून घ्यायचा? चौदा हजारांचा हिशेब

प्रश्न: माझी २०१८ ची बीएस-४ डिझेल पिकअप आहे. मार्केट यार्डातून गुळाचे रवे भरून गगनबावड्यामार्गे कोकणात जातो, येताना नारळ-सुपारी मिळाली तर आणतो. महिन्याला दोन हजार किलोमीटर होतात. पूर्वी १३ चं ॲव्हरेज होतं, आता साडेअकरा. घाटात ओढत नाही, काळा धूर मारते, चेक लाइट विझत नाही. मिस्त्री म्हणतोय, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारी झडप) पत्रा लावून कायमचा ब्लॉक करू आणि रिमॅप मारू, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलू, १४,००० रुपये. दुसऱ्या गॅरेजनं नुसत्या सफाईचे ४,५०० सांगितले. शोरूमवाला म्हणतो, जुनी चार लाखांना घेतो, वर सहा लाखांचं कर्ज करून नवीन घ्या. मुलानं अमेरिकेतल्या पिकअपचा व्हिडिओ दाखवला, त्यात माणूस धुराची सगळी यंत्रणा काढून फेकतो आणि गाडी पळते. डिझेल-देखभाल जाऊन माझ्या हातात २२,००० राहतात. सव्वा लाखाची एफडी आहे. ती मोडून काय करू? — एक वाचक, उचगाव

उत्तर:

एफडीला हात लावू नका. बाकीचं सविस्तर सांगतो.

आधी तो व्हिडिओ बाजूला ठेवू. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ती जुनी पेट्रोल पिकअप असावी. त्या गाड्यांत इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा एक हवेचा पंप असतो. तो एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलतो, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तिथं जळून जातं. त्याला एअर इंजेक्शन म्हणतात. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना धुराच्या तपासणीतून सूट आहे, त्यामुळे तिथले हौशी लोक असले उद्योग बिनधास्त दाखवतात. तुमच्या डिझेल गाडीत तो पंपच नाही. तुमच्याकडे ईजीआर आहे. तो धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवतो, त्यामुळे आतलं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी तयार होतात. व्हिडिओतला फायदा तुमच्या हिशेबात धरता येत नाही.

आता मिस्त्रीचा हिशेब. साडेअकराच्या ॲव्हरेजनं दोन हजार किलोमीटरला १७४ लिटर डिझेल लागतं, १३ झालं तर १५४. वीस लिटर वाचले, लिटरला ९० धरले तर महिन्याला १,८०० रुपये. म्हणजे १४,००० आठ महिन्यांत वसूल. ऐकायला झकास आहे, आणि आकडे खोटेही नाहीत. पण तुलना आजच्या आजारी गाडीशी केली आहे. १३ चं ॲव्हरेज तुम्हाला मिळत होतं तेव्हा ईजीआर जागेवरच होता आणि चालूही होता! मग वीस लिटर वाचवण्याचं श्रेय ब्लॉकिंगच्या पत्र्याला कसं द्यायचं? बिघाड गेला की ते वाचणारच आहेत.

घाटाचंही तसंच. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईजीआरची झडप मिटते, कारण तेव्हा इंजिनाला सगळी ताजी हवा हवी असते. तुमची झडप काजळीनं उघडीच अडकली असावी, म्हणून गाडी घुसमटते आणि काळं ओकते. झडप खोलून घेतलीत तर आत डांबरासारखा चिकट थर दिसेल, कधी कधी बोट जाणार नाही इतकं भोक बुजलेलं असतं. तो थर काढला, इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा नळ) उतरवून धुतला, गॅस्केट नवीन टाकली की झडप पुन्हा मिटायला लागते आणि ओढ परत येते.

म्हणून खरी तुलना धुतलेल्या गाडीशी करायची. सफाईनंतर ॲव्हरेज १२.७ वरच थांबलं आणि ब्लॉक करून पूर्ण १३ मिळालं असं मिस्त्रीच्या बाजूनं धरतो. फरक महिन्याला साडेतीन लिटरचा, सव्वातीनशे रुपयांचा. दोन वर्षांत सफाई पुन्हा एकदा लागेल, तिचेही ४,५०० धरले. तरी ब्लॉकिंग दोन वर्षांनी जेमतेम अठ्ठावीसशे रुपयांनी पुढे जातं. हे मी लपवत नाही, नुसत्या डिझेलच्या हिशेबात मिस्त्री थोडा जिंकतो.

आता दुसरी बाजू. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हवा-प्रदूषणाचे निकष मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्सही तीन महिने अपात्र. लायसन्सच अडकलं तर भाडं कोण मारणार? दोन वर्षांचे अठ्ठावीसशे एका चलनात जातात.

मिस्त्री म्हणेल, पीयूसी तर निघते. निघेलही. डिझेलच्या पीयूसीत धूर किती काळा आहे एवढंच मोजतात आणि ईजीआर बंद केला की काळेपणा उलट कमी होतो. नायट्रोजनचे वायू त्या मशीनला दिसतच नाहीत. पण पीयूसी निघाली म्हणून केलेला बदल कायदेशीर होत नाही. शिवाय मालवाहू गाडीला आठ वर्षं झाली की पासिंग दरवर्षी करावं लागतं आणि तुमची गाडी २०१८ ची आहे. इन्स्पेक्टरनं बॉनेट उघडून पत्रा बघितला तर झडप आणि मूळ प्रोग्रॅम परत बसवण्याचा खर्च वेगळा. अपघाताच्या दाव्याच्या वेळी न कळवलेला बदल निघाला तर विमा कंपनीला वाद घालायला आयतं कारण मिळतं. रिमॅपचं पक्कं बिलही बहुधा मिळणार नाही, म्हणजे उद्या ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बिघडला तर दाद कुणाकडे मागणार?

बिलावरून आठवलं. गॅरेजचा खर्च करात वजा होतो असं कुणी सांगितलं असेल आणि तुम्ही मालवाहतूकदारांच्या ठोक पद्धतीनं रिटर्न भरत असाल, तर तसं काही नाही. तुमच्यासारख्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये उत्पन्न धरतात, खर्च वेगळा दाखवता येत नाही.

नवीन गाडीचं दोन ओळींत सांगतो. सहा लाख, १० टक्के, पाच वर्षं म्हणजे हप्ता साधारण १२,७५०. हातात येणाऱ्या बावीस हजारांतले निम्म्याहून जास्त, साडेचार हजारांच्या दुखण्यासाठी? शिवाय बीएस-६ डिझेलमध्येही ईजीआर असतो, आणि बहुतेक गाड्यांत त्याच्या जोडीला काजळी पकडणारा डीपीएफ. शोरूमवाला हे आपणहून सांगणार नाही, त्याचं कामच गाडी विकायचं आहे.

तेव्हा सफाई करून घ्या, पण त्याआधी स्कॅनर लावून बिघाडाचा कोड कागदावर लिहून घ्या. पी ०४०१ असेल तर ईजीआरमधला प्रवाह कमी पडतोय. पी ०२९९ असेल तर टर्बोचा दाब कमी आहे, मग होजपाइप फाटलाय का ते आधी बघा, उगाच झडप धुवून पैसे जातील. कूलंट सारखं भरावं लागत असेल तर ईजीआरचा कूलर गळत असू शकतो, तेही दाखवा. काम चालू असताना तिथं थांबा आणि झडप डोळ्यांनी बघा. एअर फिल्टर त्याच दिवशी बदला. मार्केट यार्डात हमाल रवे भरत असताना गाडी चालू ठेवायची सवय असेल तर ती सोडा, सारखं आयडलवर चालवलं की काजळी लवकर धरते.

पैसे चालू खात्यातून द्या. डिझेलचे महिना दीड हजार वाचायला लागले की त्यातले हजार आरडीत टाका, पुढची सफाई आणि पासिंगचा खर्च त्यातून निघेल. टायरसाठी मात्र वेगळं बाजूला काढावं लागेल. आणि स्कॅनरवर टर्बो किंवा कूलर निघाला तर दोन्ही गॅरेजचे नवे आकडे घेऊन पुन्हा लिहा, तेव्हा हा हिशेब नव्यानं मांडावा लागेल.