माकडांची हजेरी आणि माणसांची मोजदाद

गेल्या अंकात पोर्तो रिकोच्या युनिव्हर्सिटीबद्दल दोन पॅरा काय लिहिले, मेलचा नुसता पाऊस पडला, आणि त्यातले निम्मे माकडांबद्दल. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांना एका दमात सांगते : पोर्तो रिको म्हणजे कॅरिबियन समुद्रातलं बेट, अमेरिकेच्या ताब्यात आहे पण अमेरिकेचं राज्य नाही, भाषा स्पॅनिश, लोकसंख्या बत्तीस-तेहतीस लाख, आणि तिथली सरकारी युनिव्हर्सिटी १९०३ सालची. तिच्या देखरेखीखाली कायो सांतियागो नावाचं एक पिटुकलं बेट आहे, जिथे फक्त माकडं राहतात. तर आता प्रश्न.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलंत की ती माकडं भारतातली आहेत. खरंच? इतक्या लांब गेली कशी?

खरंच, अगदी शंभर टक्के. लाल तोंडाचं उत्तरेकडचं माकड, ऱ्हीसस. रक्तगटातलं 'आरएच' याच्याच नावावरून आलंय, हे जाता जाता. १९३८ साली क्लॅरेन्स कार्पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने इथून पकडून, बोटीत घालून, समुद्रमार्गे साधारण चारशे नऊ माकडं त्या बेटावर नेऊन सोडली. बेट केवढं, तर पंधरा हेक्टर, म्हणजे तासाभरात फिरून होईल एवढं, आणि किनाऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभर. कारण दुहेरी होतं. कार्पेंटरला माकडं पिंजऱ्याबाहेर आपसात कशी वागतात ते बघायचं होतं, आणि राजधानी सॅन हुआनच्या ट्रॉपिकल मेडिसिन स्कूलला आणि त्याच्याशी जोडलेल्या अमेरिकेतल्या कोलंबिया युनिव्हर्सिटीला प्रयोगांसाठी टीबी नसलेल्या माकडांचा हक्काचा पुरवठा हवा होता. त्यानंतर बाहेरून नवीन माकड आणलेलं नाही, आज तिथे दीड हजाराच्या वर आहेत ती सगळी त्या चारशेंचीच पणतवंडं-खापरपणतवंडं.

आता यातली खरी भारी गोष्ट माकडं नाहीत, हजेरी आहे. १९५६ पासून तिथे प्रत्येक माकडाची नोंद ठेवली जाते. अंगावर गोंदलेला नंबर, कानाला खाच, आई कोण, कुठल्या टोळीत, कधी जन्मलं, कधी गेलं, आणि गेल्यावर सांगाडासुद्धा जपून ठेवतात, म्हणजे आजीची हाडं आणि नातीची हाडं शेजारी ठेवून बघता येतात. माणसं रोज होडीने बेटावर जातात आणि कोण दिसलं कोण नाही ते टिपून येतात. यातूनच कळलं की मादी जन्मभर आईच्या टोळीत राहते, नर मोठा झाला की दुसरीकडे जातो, आणि बहिणींमध्ये मान असतो धाकटीचा. थोरली खाली. शेंडेफळाचे लाड हा काही आपलाच शोध नाही म्हणायचा.

प्रश्न : वादळानंतर माकडांची मैत्री वाढली असं वाचलं. हे जरा भावनिक करून सांगितलेलं वाटतं. पुरावा काय?

शंका बरोबर आहे, मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. २० सप्टेंबर २०१७ ला हरिकेन मारिया आलं, पाचापैकी कॅटेगरी चार, आणि पोर्तो रिकोच्या आग्नेय टोकाला यबुकोआ गावाजवळ जमिनीवर चढलं, कायो सांतियागो तिथून जवळच. झाडं गेली. उपग्रहाच्या फोटोंवरून काढलेला हिशेब असा की ६३ टक्के हिरवळ संपली. सगळ्यांनी गृहीत धरलेलं की माकडंही संपली असणार, पण लोक पोचले तर बहुतेक जिवंत! पुन्हा हजेरी सुरू झाली, आणि लक्षात घ्या, ज्या लोकांनी ती घेतली त्यातल्या कित्येकांच्या स्वतःच्या घरांवर छप्पर नव्हतं.

आधीची मोजणी असल्यामुळे तुलना करता आली. कोण कुणाच्या किती जवळ बसतं, कोण कुणाच्या उवा काढतं, हे वादळाआधी आणि नंतर. अपेक्षा काय होती, तर संकटात जो तो आपल्या माणसांना घट्ट धरून बसेल. झालं वेगळंच, जुनी नाती फारशी घट्ट झाली नाहीत पण नवीन ओळखी वाढल्या, आणि सगळ्यात जास्त वाढल्या त्या आधी एकटं-एकटं राहणाऱ्या माकडांच्या. नवीन ओळख कुणाशी, तर बहुतेक वेळा ओळखीच्याच्या ओळखीच्याशी. हे २०२१ ला छापून आलं.

आता 'मैत्री' शब्द जरा बाजूला ठेवू, कारण पुढचा पेपर, २०२४ चा, 'सायन्स'मधला, जास्त कोरडा आहे आणि मला तोच आवडतो. झाडं गेली म्हणजे सावली गेली, आणि दुपारी उन्हात तिथे चाळीसच्या वर तापमान जातं. उरलेल्या सावलीच्या तुकड्यात माकडं दाटीवाटीने बसायला लागली, आणि ऱ्हीसस हे अतिशय भांडखोर माकड बरं का, एरवी शेजारी कुणी बसलं तरी दात दाखवणारं. जी माकडं शेजाऱ्याला खपवून घेत होती त्यांचा मरण्याचा धोका ४२ टक्क्यांनी कमी निघाला. वादळाआधी या खपवून घेण्याचा आणि जगण्या-मरण्याचा असा संबंध दिसत नव्हता! म्हणजे स्वभाव तोच, फक्त सावली महाग झाल्यावर त्याला किंमत आली. पेनसिल्व्हेनिया, एक्सेटर आणि पोर्तो रिको अशा युनिव्हर्सिटींचं मिळून काम आहे हे. थंडीत माकडं ऊब घ्यायला चिकटून बसतात ते आपल्याला माहितीये, इथे उलटं, गरमीत.

एक कटू गोष्टपण सांगून टाकते. २०२२ ला रक्ताच्या नमुन्यांवरचं काम आलं, त्यात वादळातून वाचलेल्या माकडांची रोगप्रतिकारशक्ती सरासरी दोन वर्षांनी म्हातारी झालेली दिसली, माणसाच्या हिशेबात सात-आठ वर्षं. सगळ्यांची सारखी नाही, काहींना जास्त फटका, काहींना जवळजवळ नाही.

प्रश्न : त्याच वादळात माणसं किती गेली याचे मी तीन आकडे वाचले, ६४, २९७५ आणि ४६४५. एवढा फरक कसा असू शकतो? कुणीतरी खोटं बोलतंय ना?

थेट खोटं असं नाही म्हणणार मी, पण ६४ वर मात्र राग येतो. हा सरकारी आकडा होता आणि तो डेथ सर्टिफिकेटवरून आला, ज्यावर मृत्यूचं कारण वादळ असं लिहिलेलं असेल तेवढेच मोजले, म्हणजे पत्रा लागून गेला, पुरात वाहून गेला, दरड कोसळली. पण मारियानंतर अख्ख्या बेटाची वीज गेली आणि काही घरांमध्ये ती यायला जवळपास अकरा महिने लागले. ऑक्सिजनचं मशीन विजेवर, डायलिसिस विजेवर, इन्सुलिन फ्रिजमध्ये, रस्ते बंद, फोन बंद. असा पेशंट दोन महिन्यांनी गेला तर डॉक्टर कागदावर काय लिहिणार? किडनी फेल. हार्ट अटॅक. वादळाचं नाव कुठेच नाही.

मग उपाय असा की कारण विचारायचंच नाही, फक्त डोकी मोजायची. वादळ आलं नसतं तर या महिन्यांत एरवी किती गेले असते ते आधीच्या वर्षांवरून काढायचं, प्रत्यक्षात किती गेले ते बघायचं, आणि वजाबाकी. २९७५ हा आकडा असाच आला, सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ साठी, जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीने काढला आणि पोर्तो रिको युनिव्हर्सिटीचं पब्लिक हेल्थ स्कूल त्यात बरोबर होतं. यात एक मेख होती, वादळानंतर हजारो लोक बेट सोडून गेले, म्हणजे मरायला माणसंच कमी उरली, ते धरलं नाही तर आकडा उगाच लहान दिसतो. त्यांनी ते धरलं. गरीब गावं आणि म्हातारे पुरुष यांच्यात धोका जास्त दिवस टिकून राहिला असंही त्यात निघालं. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारने हा आकडा मान्य केला, जवळपास वर्षभराने.

४६४५ हार्वर्डवाल्यांचा. त्यांच्याकडे सरकारी नोंदी नव्हत्या म्हणून ते घरोघरी गेले, ३२९९ घरं, तुमच्याकडे कोण गेलं का असं विचारत. एवढ्या घरांमध्ये वादळानंतरचे मृत्यू सापडले ३८, आणि त्यावरून अख्ख्या बेटाचा अंदाज काढला, त्यामुळे त्यांनी स्वतःच सांगितलं की खरा आकडा ७९३ ते ८४९८ च्या मधे कुठेही असू शकतो. पेपरवाल्यांनी मधला उचलला आणि बाकीचं खाल्लं. माझ्या मते २९७५ वर जास्त भरवसा ठेवावा, पण हार्वर्डवाल्यांनी मे महिन्यात ते छापलं नसतं तर ६४ वरून हलायला सरकारला अजून किती वेळ लागला असता कोण जाणे.

आणि हो, माकडांचं बघा, एकही गायब झालं तर दुसऱ्या दिवशी वहीत दिसतं.

प्रश्न : तिथल्या जंगलातले किडे संपत चाललेत अशी बातमी होती. खरी का?

बातमी २०१८ ची. लुकियो जंगलात, एल युंके म्हणतात तिथे, एका शास्त्रज्ञाने १९७६-७७ ला किडे पकडून वजन केलेलं, मग पस्तीसेक वर्षांनी त्याच जागी परत केलं आणि १० ते ६० पट घट सांगितली, कारण दिलं वाढतं तापमान. जगभर हेडलाइन. पण त्याच जंगलात पोर्तो रिको युनिव्हर्सिटी आणि अमेरिकेचं वनखातं १९८८ पासून सतत मोजमाप करतायत, त्यांच्याबरोबरच्या लोकांनी २०१९ मध्ये उत्तर दिलं की आमच्या डेटात असं सरसकट दिसत नाही, किड्यांचा चढउतार वादळांशी जास्त जुळतो, आणि तापमान मोजायचं उपकरण मधेच बदललं होतं तेही तुम्ही नीट धरलं नाहीत. वाद मिटलाय असं समजू नका. पण दोनच वेळा काढलेला फोटो आणि रोजची डायरी यात मी डायरीकडे झुकते.

या डायरीवाल्यांनीच एक वेडा प्रयोग केलाय तो मला फार आवडतो. वादळात झाडांचे शेंडे तुटतात म्हणजे दोन गोष्टी एकदम होतात, खाली ऊन येतं आणि जमिनीवर पाल्या-फांद्यांचा थर पडतो, मग बदल कशामुळे होतो? त्यांनी माणसं झाडावर चढवून शेंडे छाटले, कुठे पाला तिथेच टाकला, कुठे उचलून नेला, कुठे न छाटता नुसता पाला आणून ओतला. निघालं असं की बऱ्याचशा बदलांमागे उघडं झालेलं आभाळ असतं.

प्रश्न : गर्भनिरोधक गोळी या बेटावरच्या बायकांवर न सांगता तपासली, हे खरं आहे का? आणि युनिव्हर्सिटीचा त्यात हात होता का?

होता. गोळ्या चाचणीतल्या आहेत हे त्या बायकांना सांगितलं नव्हतं. गोळी अमेरिकेत तयार झाली, ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांची, पण ते राहत होते त्या मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भनिरोधन बेकायदेशीर, आणि पोर्तो रिकोत १९३७ पासून कायदेशीर, शिवाय क्लिनिकचं जाळं तयार. सुरुवातीला युनिव्हर्सिटीच्या मेडिकल कॉलेजातल्या मुलींवर छोटी ट्रायल करून बघितली, पण सतत लघवीचे नमुने आणि बाकी तपासण्या, बऱ्याच जणी सोडून गेल्या. मग १९५६ ला सॅन हुआनजवळ रिओ पिएद्रासमध्ये सरकारी घरांची नवी वसाहत निवडली. शिकलेल्या मुली नाही म्हणू शकत होत्या म्हणून गरीब बायका, असा सरळ अर्थ मी काढते.

बायकांना एवढंच सांगितलं की याने मूल होत नाही, आणि त्यांना तेच हवं होतं हेही खरंच आहे, रांगा लागल्या. पण त्या गोळीत हार्मोन आजच्या गोळीच्या कितीतरी पट. मळमळ, चक्कर, डोकेदुखी, उलट्या. तिथलं काम बघणाऱ्या डॉक्टर एड्रिस राइस-रे मेडिकल कॉलेजातही शिकवायच्या, त्यांनी लिहून दिलं की मूल थांबतं हे नक्की, पण १७ टक्के बायकांना त्रास होतोय आणि सरसकट द्यावी अशी ही गोळी नाही. वरच्या लोकांनी ते मनावर घेतलं नाही, बायकांच्या मनाचे खेळ म्हणून सोडून दिलं! ट्रायल चालू असताना तिघी गेल्या, त्यांची पोस्टमॉर्टेमही झाली नाही, त्यामुळे गोळीशी संबंध होता का हे आता कधीच कळणार नाही. १९६० मध्ये अमेरिकेत गोळीला गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली.

आता त्यानंतरची एक गोष्ट. बेटाच्या उत्तरेला २०१० पासून गरोदर बायकांचा एक मोठा अभ्यास चालू आहे, कमी दिवसांची बाळंतपणं तिथे इतकी का आणि जमिनीतल्या पाण्यात मुरलेल्या केमिकलशी त्याचा काही संबंध आहे का, म्हणून. तिथली जमीन चुनखडीची, भोकाभोकांची, वर सांडलेलं झरझर खाली जातं. त्यात बायका सही करून येतात, नको वाटलं तर सोडून जातात.

प्रश्न : आम्ही पुढच्या वर्षी तिकडे जातोय. माकडांच्या बेटावर जाता येतं का? मुलं मागे लागलीयेत.

नाही, पब्लिकला बंदी आहे, आणि ती बरी आहे. त्या माकडांमध्ये हर्पीस बी नावाचा व्हायरस असतो, त्यांना त्याचं विशेष काही होत नाही, माणसाला चावल्यातून गेला तर जीव जाऊ शकतो. होडीतून लांबून बघता येतं, पुंता सांतियागो गावाच्या किनाऱ्यावरून. आणि मुलांना हे सांगा, जास्त मजा येईल : बेटावर काम करणारी माणसं डबा खायला जाळीच्या पिंजऱ्यात जाऊन बसतात, आणि माकडं बाहेर मोकळी फिरत असतात.