मित्राशी बुद्धिबळ आणि एकतर्फी डाव

तुमचा प्रश्न असा, की मित्र जवळपास प्रत्येक डाव जिंकतो, आता दोघांनाही कंटाळा येऊ लागलाय, तर बुद्धिबळ सोडून द्यावं का? अजिबात नको. एलो पद्धतीत, म्हणजे खेळाडूची ताकद आकड्यात मोजण्याच्या पद्धतीत, दोघांत ४०० अंकांचं अंतर असेल, तर ११ डावांत साधारण १० गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) वरचढ खेळाडूच घेऊन जातो. या खेळात ना फासे, ना पत्ते, त्यामुळे नशीब मदतीला येत नाही. अंतर आपणच भरून काढायचं.

आधी घड्याळ लावा. तुम्हाला दहा मिनिटं, त्याला तीन. पूर्वी तगडे खेळाडू घोडा किंवा हत्ती कमी घेऊन खेळायचे, एकोणिसाव्या शतकातला अमेरिकी खेळाडू पॉल मॉर्फीही असे डाव खेळलाय. मला मात्र वेळेची सवलत जास्त पटते. पट पूर्ण राहतो आणि तुमचा सराव खऱ्या बुद्धिबळाचाच होतो. कोण जिंकेल हे सांगता येईनासं होईपर्यंत मिनिटं कमीजास्त करत राहा.

त्याची सरशी सुरुवातीच्या पाठ चालींमुळे होत असेल, तर फिशर रँडम खेळा. माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्यूनोस आयर्सला हा प्रकार जाहीर केला, तो या पाठांतराला कंटाळूनच. मागच्या रांगेतले मोहरे चिठ्ठ्या टाकून मांडायचे, काळ्याची मांडणी पांढऱ्यासमोर तशीच. उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत हवेत, राजा दोन हत्तींच्या मध्ये. अशा ९६० मांडण्या होतात. समजा, पांढऱ्याचा उंट ए-१ या कोपऱ्यात आला. बी-२ चं प्यादं एक घर सरकताच तो थेट जी-७ च्या प्याद्यावर रोखला जातो. नेहमीच्या मांडणीत त्या प्याद्याला एफ-८ च्या उंटाचा जोर असतो, इथे कदाचित कुणाचाच नसेल! पहिल्याच चालीला दोघांनाही विचार करावा लागतो, ही यातली खरी मजा. अर्थात डावपेचांतच तो सरस असेल, तर याने फारसा फरक पडणार नाही.

चौघे जमत असाल तर बगहाउसला तोड नाही. दोन पट, दोन जोड्या. जोडीदारांपैकी एकाकडे पांढरे, दुसऱ्याकडे काळे. तुम्ही मारलेला मोहरा जोडीदाराला द्यायचा, तो आपल्या चालीला रिकाम्या घरात ठेवू शकतो. ‘घोडा दे, मात होतेय!’ अशी हाक आली की जोडीदार एका घोड्यासाठी वजीरही सोडतो. पण तो वजीर तुमच्याच प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडतो, म्हणजे मात खरोखर व्हायला हवी. दोन बलवान खेळाडू एका जोडीत टाकू नका.

आणि काहीही खेळलात तरी डाव संपल्यावर पाच मिनिटं त्याच पटावर मागे जा. कुठे बिनसलं, त्याने काय पाहिलं होतं, तुम्ही कशाला घाबरलात, हे आधी एकमेकांना विचारा. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, नंतर लावा.