जुन्या एमएम ५४० चा क्लच कमी खर्चात दमदार कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९२ची महिंद्राची एमएम ५४० जीप, टायर ३१ इंची, इंदूरजवळच्या जानापाव टेकडीच्या चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. त्यावर मित्राने सेरॅमिकची क्लच प्लेट टाक म्हणून सांगितलंय. मीही इंदूरचाच, आणि तेच २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन बरीच वर्षं सांभाळतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो: सेरॅमिकच्या नादी लागू नका. तुमचा क्लच कमजोर आहे की आजारी आहे, हे आधी बघा.

सपाट जागेवर हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा, तिसरा गिअर टाका आणि थोडा रेस देत क्लच हळूहळू सोडा. क्लच धड असेल तर इंजिन घुसमटून बंद पडेल. चालूच राहिलं तर क्लच सरकतोय, म्हणजे पकड सोडतोय. एकदाच करा, पुन्हापुन्हा केलंत तर उरलासुरला क्लचही जाईल.

सरकत असेल तर पहिल्यांदा पेडल बघा. हाताने दाबल्यावर सुरुवातीचा इंचभर ते सैल जायला हवं. खेळ अजिबात नसेल, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत क्लचच्या फिंगरांवर (बोटांसारख्या पट्ट्यांवर) टेकलेलं असतं, म्हणजे तुम्ही चोवीस तास क्लचवर पाय ठेवून गाडी चालवताय. रॉडचं लिंकेज असेल तर नट फिरवून पाच मिनिटांत काम होतं.

मग गाडीखाली शिरा. बेल हाउसिंगच्या (क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या) बुडाला एक भोक असतं, तिथे बोट फिरवा. तेल लागलं तर वास घ्या. काळंकुट्ट असेल तर इंजिनचं, म्हणजे क्रँकच्या मागच्या टोकाचं तेल अडवणारा मेन सील गेला. पिवळसर, चिकट आणि नाक मुरडावं असा गंधकाचा वास असेल तर गिअरबॉक्सचं. मी इथेच फसलो होतो. ‘जुनी गाडी आहे, दोन थेंब पडणारच’ असं म्हणत सील तसाच ठेवला आणि क्लच प्लेटवर नवं लायनिंग (घर्षणाचा थर) मारून घेतलं. तीन आठवड्यांत लायनिंग तेल पिऊन बसलं. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला, मजुरी पुन्हा दिली, आणि दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

आता टायरांचं. मूळचे ६.००-१६ टायर साधारण साडेअठ्ठावीस इंच उंच भरतात. ३१ इंची लावले की तेवढाच चढ चढायला क्लचवर आठ-नऊ टक्के जास्त भार येतो. याचा तोड तुमच्या गाडीत आधीपासून बसवलेला आहे: ट्रान्सफर केसची (गिअरबॉक्समागची, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लो रेंज. तिचं प्रमाण २.४६ ला १ आहे, म्हणजे क्लचवरचा भार निम्म्याहूनही कमी. कुठला महागडा क्लच एवढं देणार? आपल्याकडे लो टाकणं म्हणजे कमीपणा असं का समजतात, मला कळत नाही. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडत नाही, हे ध्यानात ठेवा, आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर टाकू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल मध्ये नसल्याने वळणावर सगळी ड्राइव्हलाइन पिळली जाते. कच्च्या वाटेवर, पावसाळ्यात आपल्या मालव्याच्या काळ्या मातीत, खुशाल वापरा.

हे सगळं बघूनही क्लच काढायची वेळ आलीच, तर माझ्या मते पैसा फ्लायव्हीलवर (इंजिनमागचं जड चाक) आणि प्रेशर प्लेटवर (क्लच प्लेट त्यावर दाबून धरते ती) घाला. फ्लायव्हीलवर निळे डाग आणि केसासारख्या भेगा दिसतील. नवी प्लेट अशा चेहऱ्यावर नीट बसतच नाही. खरादवर फेसिंग करून घ्या, एकूण खर्चात ही रक्कम किरकोळ असते. भेगा खोल असतील तर मात्र फ्लायव्हील बदला, ती फुटली तर पाय जातो. आणि खरादवाल्यासमोर उभे राहा. प्रेशर प्लेट बसते ती कडा घर्षणाच्या चेहऱ्यापेक्षा वर किंवा खाली असेल, तर चेहऱ्यावरून जेवढं कापलं तेवढंच त्या कडेवरूनही काढावं लागतं. नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब बदलतो आणि नवा क्लच पहिल्या दिवसापासून सरकतो.

प्लेटला नवं लायनिंग चालतं, हबच्या स्प्रिंगा घट्ट असतील आणि स्प्लाइन (हबच्या भोकातले दाते) झिजले नसतील तर. प्रेशर प्लेट मात्र नवी घ्या. रंग मारून ‘रिबिल्ट’ म्हणून विकतात त्यात स्प्रिंगा बहुधा जुन्याच असतात, आणि एकदा तापून मऊ पडलेली स्प्रिंग रंगाने ताठ होत नाही.

डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिनवाल्या जीपचा क्लच बसेल का, असंही तुम्ही विचारलंय. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. जुनी प्लेट सोबत न्या, स्प्लाइन मोजा, शाफ्टवर सरकवून बघा, फ्लायव्हीलची भोकं आणि चेहऱ्याची रुंदी ताडून बघा. यातलं एक जरी जुळलं नाही तरी स्वस्तातलं काम महागात जातं.

सेरॅमिक का नको? ती धरते जोरात, पण एकदम धरते. दगडांवर इंच-इंच चालवायला क्लच हळूच धरणारा हवा. त्या झटक्याने प्लेट वाचेल, पण प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस नाहीतर ॲक्सल शाफ्ट तुटेल, तोही नेमका चोरलच्या जंगलात. जास्त कडक प्रेशर प्लेटचंही तसंच: पेडल जड होतं, जुनं लिंकेज वाकतं आणि दर दाबाला क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट वॉशरवर जोर येतो.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकत्रच खाली येतात, तेव्हा ट्रॉली जॅक आणि जोडीला माणूस हवाच. धूळ हवेने उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. उतरवलंच आहे तर सील, रिलीज बेअरिंग आणि पायलट बुश (गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक पेलणारा) बदलून टाका. बुश निघत नाही म्हणून लोक छिन्नीने फोडतात. त्याऐवजी भोकात ग्रीस ठासून भरा, बरोब्बर त्याच जाडीचा रॉड घाला आणि हातोडा मारा. ग्रीसला पळायला जागा नसते, ते बुशला मागून ढकलत बाहेर काढतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी अर्धा तास हसत होतो. नवा बुश बसवायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा.

प्लेट मध्यावर धरायला भंगारातला जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर उत्तम. हबची स्प्रिंगांची, उंच बाजू गिअरबॉक्सकडे. बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळत जा. मग पहिले पाचशे किलोमीटर गाडी शहरातच फिरवा, जानापाव त्यानंतर.