जुने कौटुंबिक फोटो पाहताना तुम्हाला सर्वात आधी काय आठवतं?

आमच्या घरचा अल्बम १९६२ साली सुरू होतो. त्याआधीचं त्यात काहीच नाही. लहानपणी मला वाटायचं, तेव्हा कुणाकडे कॅमेरा नसेल. आता अल्बम उघडला की मला आधी आठवतात ते न उरलेले फोटो.

आम्ही मूळचे पुण्याच्या नारायण पेठेतले, नदीजवळच्या वाड्यात भाड्याने राहणारे. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं. त्याचं काम अजून पुरं झालेलं नव्हतं, जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवून धरलं होतं. पाठोपाठ खडकवासला गेलं आणि पाणी पेठांमध्ये शिरलं. आजी मुलांना घेऊन पर्वतीवर गेली. बाबा तेव्हा सहा वर्षांचे. परत आल्यावर खोलीत गुडघाभर चिखल. फोटोंची ट्रंक सापडली, पण आत सगळ्यांची मिळून एक ओली वडी झालेली. आजी एकेक सोडवायला लागली, तर एकाचा चेहरा दुसऱ्याच्या पाठीला चिकटून निघायला लागला. तिने हात आवरला आणि ती वडी तशीच मुठा नदीत सोडून आली.

एक फोटो वाचला, कारण तो पुण्यात नव्हताच. थोरली आत्या लग्न होऊन सांगलीला गेली होती, तिला आजोबांनी तो पोस्टाने पाठवलेला. वाड्याच्या चौकात सगळे उभे आहेत. मागे आजोबांच्या अक्षरात, जांभळ्या शाईने: ‘चि. सौ. ताईस, धाकट्याने डोळे मिटले, बाकी बरा आला आहे.’ धाकटा म्हणजे बाबा.

पुढे मी तो स्कॅन करून बाबांना स्क्रीनवर मोठा करून दाखवला. त्यांनी स्वतःकडे पाहिलंच नाही. मागच्या लाकडी जिन्यावर नख टेकवून म्हणाले, “ह्या पायरीखाली माझ्या गोट्या होत्या.” मग तासभर वाड्यातली बिऱ्हाडं सांगत बसले: कुणाकडे पापड वाळायचे, कुणाचा रेडिओ सगळ्या चौकात ऐकू यायचा. कडेला एक टोपीवाला मुलगा उभा आहे, तो कोण ते मात्र त्यांना सांगता येईना. आजीला नक्की माहीत असणार. ती होती तेव्हा मी विचारलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर अल्बम घेऊन ह्याच रविवारी त्यांच्याशेजारी बसा.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेने ५७ फूट ओलांडले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. आत्याच्या घरच्यांना होडीतून काढलं, तेव्हा फोटोंची पिशवी पाण्यात पडली. आत्येभावाचा संध्याकाळी फोन, “सगळे चिकटलेत रे, काय करू?” आजीची वडी माझ्या डोळ्यांसमोर आली. म्हटलं, ओढू नकोस, वाळूही देऊ नकोस. परातीत स्वच्छ थंड पाणी घे, त्यात बुडवून ठेव, पाण्यातच अलगद सुटे होऊ देत. मग चेहऱ्याची बाजू वर ठेवून सावलीत पसर. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, ओला असताना तो फुगून मऊ पडतो आणि एकावर एक तसाच वाळला की कायमचा चिकटतो. रात्री दीडपर्यंत तो बसला होता. बरेचसे फोटो सुटले, वाड्यातलाही सुटला.

पण मागची जांभळी शाई धुऊन गेली. मी स्कॅन करताना फक्त पुढची बाजू घेतली होती. तुम्ही कराल तेव्हा मागचीही घ्या, आणि नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

आत्याला ते वाक्य तोंडपाठ होतं. तिने फोनवर एकेक शब्द सांगितला आणि आत्येभावाने तो पेन्सिलीने पुन्हा मागे लिहिला.