न्यू जर्सीतलं मॉनमथ जंक्शन हे खरंच 2,887 वस्तीचं गाव आहे का? तिथे राहायला जाणं ठीक राहील का?

तुम्ही लिहिलंय की बहीण आणि मेहुणे मॉनमथ जंक्शनला घर बघतायत. नेटवर वस्ती 2,887 दाखवतात, शेजारी ‘अनइनकॉर्पोरेटेड कम्युनिटी’ (स्वतःची नगरपालिका नसलेली वस्ती) असं लिहिलेलं असतं, म्हणून हे धड गाव तरी आहे का अशी तुम्हाला शंका आली. मी तिथे अठरा वर्षं राहतोय. गाव आहे. मी हे ठासून का सांगतोय ते पुढे कळेल.

आधी आकड्याचं. 2,887 ही 2010 च्या जनगणनेतली संख्या. 2000 मध्ये ती 2,721 होती. पण ही मोजणी जनगणना खात्याने स्वतःच्या सोयीसाठी आखलेल्या रेघेच्या आतली आहे. अशा जागेला ते सीडीपी (सेन्सस-डेझिग्नेटेड प्लेस) म्हणतात. त्या रेघेला कायद्यात काही किंमत नाही, आणि पुढच्या जनगणनेला खातं ती हलवूही शकतं. पोस्टाची रेघ वेगळी. 08852 या पिनकोडला सगळीकडे मॉनमथ जंक्शनच लिहितात, आणि तो भाग सीडीपीपेक्षा बराच मोठा आहे. म्हणजे पत्त्यावर मॉनमथ जंक्शन लिहिणारे हजारो लोक त्या 2,887 मध्ये नव्हतेच.

कारभार साउथ ब्रन्सविक टाउनशिपचा. महापौर, पोलीस, शाळा, घरपट्टी सगळं तिकडचं. टाउनशिपची वस्ती 2010 ला 43,417 होती, 2020 ला 47,043 झाली. केंडल पार्क, डेटन, डीन्स, हीथकोट ही याच टाउनशिपच्या पोटातली नावं. आपल्याकडे गट ग्रामपंचायतीत चार वाड्या असतात, तसंच.

ही तुलना माझी नाही, बापूंची. माझे वडील खटाव तालुक्यात तलाठी होते, चौतीस वर्षं. 2012 च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले आणि तिसऱ्याच दिवशी विचारलं, “तुमची शीव कुठं लागते?” मला सांगता येईना. तोवर सहा वर्षं त्या गावात राहिलो होतो, तरी हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

मग ते रोज सकाळी चालायला निघायचे ते शीव शोधायलाच. रिज रोडवर टाउनशिपची कचेरी बघून आले आणि म्हणाले, “कचेरी तुमच्या वाडीत अन् नाव दुसऱ्याचं?” रेल्वेमार्गाशी तासभर उभे राहायचे. न्यूयॉर्क-वॉशिंग्टन मार्ग गावातूनच जातो, अ‍ॅसेला ही वेगवान आगगाडी धाडधाड निघून जाते, आता थांबत काहीच नाही. ‘जंक्शन’ हे नाव मात्र खरं आहे. मुख्य मार्गापासून जेम्सबर्ग, फ्रीहोल्डकडे जाणारा फाटा इथून फुटायचा, आणि फ्रीहोल्ड हे मॉनमथ काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण. मॉनमथला जायचा फाटा म्हणून मॉनमथ जंक्शन. गाव स्वतः मिडलसेक्स काउंटीत आहे. बहिणीला हे पहिल्यांदा सांगा, कारण फॉर्म भरताना समोरचा माणूस हमखास काउंटी चुकवतो. आमच्या घराच्या विम्याच्या कागदांवर एका कंपनीने मॉनमथ काउंटी टाकली होती. ते दुरुस्त करून घ्यायला मला चार महिने लागले.

एका रविवारी त्यांना किंग्स्टनला नेलं. तिथे 27 नंबरच्या रस्त्याच्या एका अंगाला मिडलसेक्स, दुसऱ्या अंगाला सॉमरसेट. गाव एकच, नाव एकच, काउंट्या दोन, टाउनशिपाही दोन. बापू रस्त्याच्या कडेला उभे राहून इकडे तिकडे बघत राहिले. घरी आल्यावर वही मागितली. 1981 च्या जनगणनेसाठी त्यांनी गावोगावचे नजरी नकाशे काढले होते, तसाच आमच्या गावाचा काढला. रूळ, फाटा, कचेरी, शाळा, आमचं घर. वर लिहिलं: मौजे मॉनमथ जंक्शन, ता. साउथ ब्रन्सविक, जि. मिडलसेक्स.

आता साडूभाऊंचं. ते तेव्हा आमच्यापासून पंधरा मिनिटांवर राहायचे, आणि त्यांचं पहिल्यापासून एकच म्हणणं: “सरळ प्रिन्स्टन सांगायचं. जंक्शन बिंक्शन कोण ओळखतं? आणि ते गाव नाहीच, नुसतं पोस्टाचं नाव आहे.” त्याच उन्हाळ्यात बापूंची पंच्याहत्तरी आमच्या घरी केली. निमंत्रणाची मेल साडूभाऊंनी पाठवली आणि पत्त्यात गाव टाकलं प्रिन्स्टन. पाच कुटुंबं प्रिन्स्टनमध्ये फिरत बसली. त्यातल्या एका गाडीत गुरुजी होते. औक्षण दीड तास उशिरा झालं.

बापू त्या वेळी काही बोलले नाहीत. जेवणं झाल्यावर साडूभाऊंना म्हणाले, “काल मी इथला बंब पाह्यला. त्याच्यावर या गावाचं नाव लिहिलंय. लोक आपली नोकरी सांभाळून आग विझवायला जातात. ज्या गावाला स्वतःचा बंब आहे, ते गाव नाही कसं?” खरं होतं ते. मॉनमथ जंक्शनचं स्वयंसेवी अग्निशमन दल आहे, केंडल पार्कचं वेगळं, किंग्स्टनचं वेगळं.

बापूंना हे इतकं का लागलं, ते मला माहीत होतं. आमची वाडी. शाळेच्या दाखल्यावर कधी वाडीचं नाव आलं नाही, कायम मोठ्या गावाचं. मोठ्या गावातली पोरं आम्हाला ‘वाडीवाले’ म्हणायची आणि पाण्याचा टँकर आधी त्यांच्याकडे जायचा. ग्रामपंचायत नाही म्हणून गाव नाही, हे बापूंनी जन्मभर ऐकलं होतं. पंच्याहत्तराव्या वाढदिवसाला, सातासमुद्रापार, पोराच्या घरात ते पुन्हा ऐकायला लागलं.

आणि साडूभाऊ ज्याचा एवढा अभिमान बाळगत होते त्या प्रिन्स्टनच्याच तेव्हा दोन नगरपालिका होत्या, बरो आणि टाउनशिप. त्या एक झाल्या 1 जानेवारी 2013 ला. काउंटीसुद्धा वेगळी, मर्सर. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन तर प्रिन्स्टनमध्येही नाही, वेस्ट विंडसरमध्ये आहे, आणि प्रिन्स्टन जंक्शन हेही आमच्यासारखंच अनइनकॉर्पोरेटेड.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मी सांगतोय ते न्यू जर्सीचं. इथे सगळी जमीन कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेत येते, आज त्या 564 आहेत. त्यामुळे इथे अनइनकॉर्पोरेटेड म्हणजे टाउनशिपच्या आतलं गाव. टेक्सास, कॅलिफोर्नियात तसं नाही. तिथे त्याचा अर्थ नगरपालिकाच नाही, कारभार थेट काउंटीचा, बंदोबस्ताला शेरीफ. आणि असं गाव लहानच असतं असंही नाही. ईस्ट लॉस एंजेलिस अनइनकॉर्पोरेटेड आहे आणि वस्ती लाखाच्या वर. लास वेगासची प्रसिद्ध स्ट्रिप बहुतेक सगळी पॅराडाइज नावाच्या अशाच जागेत येते.

राहायला कसं, हे तुम्ही विचारलंत. चांगलं आहे. मराठी घरं भरपूर, किराणा जवळ, वाचनालय उत्तम. पूर्वेला पिजन स्वॅम्पचं रान आहे, लॉरेन्स ब्रूकवर डेव्हिडसन्स मिलचं तळं आहे. गाडीशिवाय चालणार नाही. रोज न्यूयॉर्कला जायचं असेल तर प्रिन्स्टन जंक्शन किंवा न्यू ब्रन्सविकपर्यंत जाऊन आगगाडी पकडावी लागेल, आणि हिवाळ्यात ते जिवावर येतं.

घराच्या जाहिरातीत ‘प्रिन्स्टन’ दिसलं तर लगेच भुलू नका. साउथ ब्रन्सविकच्या काही घरांना पोस्टाचा पत्ता प्रिन्स्टनचा आहे, पण मुलं साउथ ब्रन्सविकच्याच शाळेत जातात. घरपट्टीच्या कागदावर नगरपालिका कोणती लिहिली आहे ते बघा, तेच खरं. आणि तिथे घर घेतलं तर बहिणीला सांगा, कोणी विचारलं की मॉनमथ जंक्शन म्हणायचं. समोरच्याला ठाऊक नसेल तर रुळांचा फाटा कुठे फुटायचा तेही सांगायचं. साडूभाऊ अजून प्रिन्स्टनच सांगतात.