मॅडम, आमच्या भागात चांगलं कोण आहे?

मी सांगलीत समुपदेशक आहे, आणि आठवड्यातून दोन-तीन जण तरी मला हेच विचारतात. आमच्या भागात चांगला थेरपिस्ट कोण आहे, नंबर द्या ना. कुणी जतवरून, कुणी विट्याहून, मध्ये एकाचा तर दुबईतून फोन होता, आई इकडे कवठेमहांकाळला एकटी असते म्हणून. आणि नंबर द्यायच्या आधी मी उलट विचारते की नक्की काय होतंय, तर लोकांना वाटतं मॅडम टाळतायत. टाळत नाही हो. "चांगलं कोण" याचं उत्तर "कशासाठी" ते कळल्याशिवाय देताच येत नाही, आणि हे मी शिकले ते स्वतः एका बाईंचे अडीच महिने फुकट घालवून. तेच सांगते.

त्यांना शुभांगीताई म्हणू, नाव बदललंय, अजून एक-दोन गोष्टी बदलल्यात, लिहायला त्यांची परवानगी आहे. तासगाव बाजूच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मिस्टरांची द्राक्षबाग. पहिल्यांदा आल्या तेव्हा हात बघितले मी. बोटांच्या मधली कातडी फाटलेली, मनगटापर्यंत लाल, जणू महिनाभर चुन्यात काम केलंय. त्यांना वाटायचं की बागेला मारलेलं औषध आपल्या हातावर राहिलंय आणि ते डब्यातून पोरांच्या पोटात जाणार. ऑक्टोबर छाटणी झाली की डाऊनी, भुरी असल्या रोगांसाठी एकामागून एक फवारण्या सुरू होतात, म्हणजे त्या चार महिन्यांत घरात औषधाचा वास असतोच. मिस्टर बागेतून आले की बाहेरच्या नळावर अंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत, मग ती बादली धुवायची, मग बादली धुतलेले हात धुवायचे. पोरांचा स्टीलचा डबा सात वेळा. सातव्या वेळी मध्ये कुणी हाक मारली तर परत पहिल्यापासून. शाळेला रोज उशीर. मिस्टर बिचारे सरळ माणूस, म्हणाले, "मॅडम, टाकी रिकामी होतीय ओ रोज, आता तुम्हीच सांगा काय करायचं."

माझ्याकडे यायच्या आधी तीन ठिकाणी जाऊन आलेल्या. सासूबाईंनी एका देवऋष्याकडे नेलेलं, ते सोडून देऊ. मग मोबाईलवर जाहिरात बघून एका माइंड कोचकडे, त्याने 21 सेशनचं पॅकेज आधीच भरून घेतलं आणि रोज आरशासमोर "माझे हात स्वच्छ आहेत" म्हणायला लावलं. आता ज्याला कळतं त्याला हे वाचून कपाळाला हात लावावासा वाटेल, का ते पुढे येईलच. मग एका सायकियाट्रिस्टकडे गेल्या, तिथे गर्दी, पाच मिनिटांत गोळ्या लिहून बाहेर. गोळ्यांनी मळमळ सुरू झाली, दहाव्या दिवशी बंद केल्या. सुरुवातीला मळमळ होते, ती बहुतेकांची आठवड्या-दोन आठवड्यांत कमी होते, तरी त्रास वाटला तर परत या, एवढी दोन वाक्यं कुणी बोललं असतं तर... जाऊ दे. तर चौथी मी. आणि येताना ताई प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे कागद घालून आलेल्या, बसल्या बसल्या म्हणाल्या, "मला वाटतं मॅडम माझ्यातच काहीतरी आहे, मला कुणाचंच लागू पडत नाही."

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय. डॉक्टर पटला नाही, थेरपिस्ट पटला नाही, म्हणजे दोष आपला. दाताचं दुखणं घेऊन डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलं आणि बरं नाही वाटलं तर कुणी म्हणत नाही माझा दातच वाईट आहे.

आता माझी चूक. तिसऱ्या भेटीपर्यंत मला कळलेलं की हे ओसीडी आहे. विचार परत परत येणं, भीती, मग ती घालवायला एकच कृती पुन्हा पुन्हा, सगळं समोर होतं. पण मी एमए आणि कौन्सेलिंगचा डिप्लोमा केलेली, माझं काम जास्त करून नवरा-बायको, दुःख, मुलांचा अभ्यास, परीक्षेचं टेन्शन असलं. ओसीडीसाठी जी खास पद्धत असते ईआरपी, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्या जवळ पायरी-पायरीने जायचं आणि मग धुणं, तपासणं हे जे आपण करतो ते करायचं नाही, थांबायचं, भीती आपोआप उतरू द्यायची, त्याचं ट्रेनिंग मला नव्हतं. व्हिक्टर मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये हे पहिल्यांदा मांडलं, म्हणजे नवीन काहीच नाही. मला माहीत होतं पण येत नव्हतं. आणि तरी मी म्हटलं नाही की ताई हे माझं काम नाही. वाटलं, विश्वास बसलाय, बोलतायत मोकळं, जमेल आपल्याला. खरं सांगायचं तर थोडा इगो पण होता, सांगलीत येऊन परत दुसरीकडे पाठवायचं म्हणजे कसं दिसतं.

मग मी काय केलं, तर श्वासाचे व्यायाम दिले आणि धीर दिला. प्रत्येक भेटीत त्या विचारायच्या, "औषध गेलं असेल ना हो हातावरचं?" आणि मी म्हणायचे, "हो ताई, साबणाने धुतलंय ना, गेलं असणार." त्यांचा चेहरा एकदम सैल व्हायचा. मला वाटायचं मदत होतेय. पुढच्या आठवड्यात त्या दोनदा विचारायच्या. मग व्हॉट्सॲपवर. मग रात्री साडेदहाला मेसेज, "सॉरी मॅडम, एकदाच सांगा." ओसीडीमध्ये असा धीर देणं म्हणजे अजून एकदा हात धुणंच असतं, फक्त पाण्याच्या जागी माझं उत्तर. म्हणजे मी त्यांचा दुसरा नळ झाले होते.

डोळे उघडले ते एका साध्या गोष्टीवरून. मी दोन दिवस गावाला गेलेले, रेंज नव्हती. परत आले तर 34 मेसेज. शेवटचा होता, "तुम्ही उत्तर दिलं नाही म्हणून आज डबा दिला नाही पोरांना."

त्या आठवड्यात त्यांना समोर बसवून सांगितलं की ताई, मी तुमच्यासाठी बरोबर माणूस नाही. रडल्या. मला पण वाईट वाटलं. पण त्याच भेटीत आम्ही दोघींनी मिळून शोधायला घेतलं, आणि त्या दिवशी जे केलं तेच मी आता सगळ्यांना सांगते.

आधी कोण काय असतं ते वहीत लिहिलं, कारण बोर्डावर सगळेच "मानसोपचार तज्ज्ञ" असतात. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, या तिघांत गोळ्या हेच लिहू शकतात, आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतात, गोळ्या देत नाहीत, पण मान्यताप्राप्त संस्थेत एमफिलसारखं ट्रेनिंग झालेलं असतं आणि आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी नंबर असतो, तो विचारला तर खऱ्या माणसाला राग येत नाही. आणि आम्ही समुपदेशक. आमच्यात खूप चांगले लोक आहेत, पण आज तरी पंधरा दिवसांचा कोर्स करूनही कुणी बोर्ड लावला तर त्याला अडवणारं फारसं कुणी नाही, म्हणून आमच्याकडे येताना शिक्षण कुठलं, किती वर्षं, कुणाच्या हाताखाली काम केलं हे विचारायलाच पाहिजे. माझ्याकडे आलात तर मलाही विचारा.

मग फोन. ताईंना फोन करायची लाज वाटत होती म्हणून पहिला मी केला, स्पीकरवर. विचारायचं एवढंच, "ओसीडीचे पेशंट बघता का, आणि काय पद्धतीने करता?" एकजण म्हणाले पॉझिटिव्ह थिंकिंग आणि मेडिटेशनने सगळं जातं. ताईंनी वहीत त्यांच्या नावावर काट मारली. दुसरीकडे फी विचारली तर आधी या मग सांगतो. काट. तिसऱ्या मॅडम म्हणाल्या की मी लहान मुलांचं काम करते, ओसीडी बघत नाही, पण अमुक सायकियाट्रिस्टना विचारा, त्यांना माहीत असेल. हा फोन मला सगळ्यात आवडला. आपल्याला काय येत नाही हे सांगणारा माणूस बहुतेक वेळा पुढचा बरोबर पत्ता देतो.

असं करत मिरजेचे एक सायकियाट्रिस्ट मिळाले जे वीस मिनिटं देतात, आणि त्यांच्याकडून पुण्यातल्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ईआरपी करणाऱ्या, ऑनलाईन. म्हणजे "आपल्या भागात" ह्याचा अर्थ निम्मा मिरज आणि निम्मा मोबाईल. फी पुण्याची, आमच्यापेक्षा दुप्पट, म्हणून आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी ठरवलं आणि मध्ये घरी करायचा अभ्यास. ज्यांना तेही झेपत नाही त्यांनी जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये नाहीतर सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार ओपीडी असते तिथे जावं, आमच्याकडे सांगली-मिरजेला आहे, गर्दी असते पण केस पेपर स्वस्त. आणि काहीच सुचत नसेल किंवा जीव नकोसा झाला असेल तर 14416 वर फोन करायचा, टेली-मानस, सरकारचं आहे, 2022 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालं, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलतात.

ताईंचा अजून एक प्रश्न होता, शाळेत कळेल का. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचा हक्क स्पष्ट लिहिलाय, हे वाचून दाखवलं तेव्हा जरा खांदे खाली आले. त्याच कायद्यात असंही आहे की विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरायचं, पॉलिसी असेल तर वाचून बघा.

पुढचं मला ताईंनी सांगितलंय, मी तिथे नव्हते. पुण्याच्या मॅडमनी पहिल्या सेशनला सगळ्यात आधी मिस्टरांना बोलावून घेतलं आणि विचारलं की बागेत काम करणारा शहाणा माणूस औषध मारून आल्यावर किती धुतो? कारण औषध विषारी असतं हे काही खोटं नाही, काळजी घ्यायलाच पाहिजे. तर ठरलं, बाहेर एकदा अंघोळ, कपडे वेगळे, हात साबणाने एकदा अर्धा मिनिट. एवढी काळजी. त्याच्यावर जे होईल तो ओसीडी. हे कुणीच केलेलं नव्हतं, मी पण नाही. आम्ही सगळे एकतर "काही होत नाही" म्हणत होतो नाहीतर "मन घट्ट करा."

मग मोबाईल किचनच्या कट्ट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, कॅमेऱ्यात ओटा दिसेल असा. मिस्टरांचा धुतलेला, वाळलेला शर्ट हातात घ्यायचा आणि हात न धुता पोरांचा डबा भरायचा. मॅडम विचारायच्या, भीती शंभरपैकी किती? पंच्याऐंशी. थांबू. आता? ऐंशी. पोळ्या थंड झाल्या. चाळीस मिनिटांनी पंचेचाळीस. मिस्टरांना पण एक वाक्य शिकवलं, बायकोने "गेलं असेल ना?" विचारलं की म्हणायचं, "हे तू नाही, ओसीडी विचारतोय, मी त्याला उत्तर देत नाही." पहिल्या दिवशी भांडण झालं म्हणे जोरात. ह्यावेळी गोळ्या पण टिकल्या, कारण मिरजेच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं की मळमळ होईल, ओसीडीला डोस बऱ्याचदा जास्त लागतो आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, तेवढं थांबा. नवव्या आठवड्यात ताईंचा मला मेसेज आला, चार महिन्यांत पहिलाच. "आज वेळेवर शाळेत."

पूर्ण गेलंय का? नाही. छाटणी जवळ आली की डोकं वर काढतं, मग दोन-तीन जादा सेशन घेतात.

गेल्या फेब्रुवारीत त्या ऑफिसला आल्या, डब्यात सोनाका द्राक्षं घेऊन, घरच्या बागेतली. काम वेगळं होतं, शाळेतल्या एका सरांबद्दल विचारायला आलेल्या. म्हणाल्या, "मॅडम, सरांना तुमच्याकडे पाठवू का?" मी विचारलं काय होतंय त्यांना. "पितात ओ. रोज." मी म्हटलं मग माझ्याकडे नको, आणि व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. ताईंनी कागद बघितला आणि लगेच विचारलं, "हे नक्की काय पद्धतीने करतात?" तासभर बसलो, द्राक्षं संपवली, सव्वापाचची एसटी होती म्हणून त्या गडबडीत निघाल्या. डबा विसरला. तो अजून माझ्या टेबलावर आहे.